कोणते रंगारी?

माझा बाप मालगुजाराच्या अंगणात नाकाने रेघा ओढत होता आणि मी समोरच्या ओसरीवर चहाची कपबशी हातात धरून बसलो होतो.

एक रेघ. दुसरी. मालगुजार मोठ्याने मोजत होता. नवरात्र तोंडावर आलं होतं, अंगण सकाळीच सारवलेलं. बापाच्या नाकाला, मिशीला शेण लागलं होतं. तिसऱ्या रेघेला तो थांबला, खोकला, पुन्हा वाकला. चहा निवत होता. मी कप खाली ठेवला नाही. ठेवला असता तर आवाज झाला असता आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

पाचही रेघा झाल्या. मी बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो. नंतर मी बोललो, आणि तेवढंच ऐकून लोक माझी पाठ थोपटतात. मला लाज वाटते त्या थोपटण्याची.

दीक्षेच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आष्टीकडच्या एका खेड्यात मी मास्तर म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यात खडू हातात धरणारा पहिलाच. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारने केव्हाच काढून घेतली होती, पण गाव त्याला मालगुजारच म्हणायचं. गावात परक्या माणसाला खोली द्यायची तर त्यानेच. पहिल्या दिवशी त्याने विचारलं,

"मास्तर, आडनाव काय म्हन्लं तुमचं?"

"रंगारी."

"कोणते रंगारी? बऱ्हानपुराकडचे काय?"

"हो जी," मी म्हणालो. बऱ्हाणपूरचे रंगारी म्हणजे ज्यांचा विटाळ होत नाही अशी जात.

बस, एवढंच. पण एवढ्यावर भागत नाही. पुढे रोज कोणीतरी विचारायचं आणि मी रोज थोडं वाढवून सांगायचो. आजोबा बऱ्हाणपूरहून बैलगाड्या घेऊन आले. मोठमोठ्या लोकांचे फेटे रंगवायचे. दाराशी विहीर होती. सांगता सांगता मला ते घर दिसायलाही लागलं होतं. त्या खोट्यावर मला खोली मिळाली, विहिरीचं पाणी मिळालं, घरातल्या कपबशीत चहा मिळाला.

खरं असं की आम्ही पवनीकडचे. महार. आमच्यात जाडंभरडं कापड विणणारे पुष्कळ होते, आमचं घर ते रंगवायचं. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून त्यांचा लाल रंग करायचे. आधी कापड एरंडीच्या तेलात आणि राखेच्या खाराच्या पाण्यात तुडवायचं, वाळवायचं, पुन्हा तुडवायचं. मग तुरटी, मग रंग. गावच्या देवीलाही आमच्याच हातचं लाल कापड लागायचं. ते आम्ही गल्लीच्या तोंडाशी एका दगडावर ठेवून मागे सरायचो. घेणारा त्याच्यावर पाणी शिंपडायचा आणि उचलायचा. आमचा रंग पाण्याने जात नाही, हे त्यालाही ठाऊक असायचं.

मग बाजारात पुडीचा रंग आला. दोन आण्यांत घरच्या घरी लुगडं लाल. आज्याच्या रंगाच्या रांजणात कोळ्यांनी जाळी केली. तो बायकापोरं घेऊन पायी हिंगणघाटला आला, गिरणीच्या आशेने. तिथून आर्वीला, सरकी काढायच्या जिनात कापूस उपसायला. बापही पुढे त्याच जिनात लागला. रंगाऱ्याच्या घरात कापसाचा पांढरा भुगा. धंद्यातल्या आमच्याकडे दोनच गोष्टी उरल्या, आडनाव आणि बापाची एक सवय.

खार बरोबर झाला की नाही हे जिभेला कळतं. रंगारी रांजणात बोटाचं टोक बुडवतो आणि जिभेला लावतो. आज्याने बापाला ते सातव्या वर्षी शिकवलं. रांजण गेले, बोट राहिलं. चुना भिजवला, चाख. गुळाचा पाक केला, चाख. माझी शाळेतली शाईसुद्धा त्याने चाखली होती आणि म्हणाला होता, "पानी जास्त झालं." आई हसून हसून बेजार झाली होती.

तर बाप मला भेटायला आला. आष्टीपर्यंत मोटारीने, पुढे पायी. डोक्यावर आईने शिवलेली वाकळ, हातात जवसाच्या चटणीचा डबा. मालगुजार ओसरीवरच होता.

"कोण होय हा, मास्तर?"

"घरचा गडी," मी म्हणालो.

बाप तीन हातांवर उभा होता. त्याने ऐकलं. वाकळ माझ्या दाराशी ठेवली आणि निंबाखाली जाऊन बसला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मालगुजाराशेजारी बसलो. चहा आला.

अंगणात मालगुजारीणबाई देवीचं कापड रंगवत होती. पातेल्यासारखा पितळेचा गंज चुलीवरून उतरवून ठेवलेला, त्यात पुडीचा रंग. कापड काठीने वर काढावं तर कुठे गुलाबी, कुठे पांढरं. पुन्हा बुडवायची, पुन्हा तेच. बाप पाहत होता. त्याच्या बोटांची चुळबुळ मला इथून दिसत होती. तो उठला. मला कळलं तो काय करणार. थांबवायचं तर हाक मारायला हवी होती. कोणती हाक मारू? बाबा म्हणायची सोय मी ठेवली नव्हती.

त्याने गंजात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ कमी हाय, बाई. मूठभर टाका, धरते रंग."

बाई दोन पावलं मागे सरली. "कोणता होय रे तू? जात कोणती?"

त्याला काहीही सांगता आलं असतं. मी बऱ्हाणपूर सांगितलंच होतं की. बापाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"महार आहो जी. मास्तराच्या घरचा गडी."

स्वतःचं खरं त्याने सांगितलं आणि माझं खोटं सांभाळलं.

पुढचं आधीच सांगितलं आहे. गंज कापडासकट गल्लीत उपडा केला त्यांनी. "देवीचं कापड बाटवलं भाड्यानं. पाच रेघा ओढ नाकानं," मालगुजार म्हणाला. बापाने ओढल्या.

मग बाई माझ्याकडे आली. रागाने नाही, मायेने. हातात गोमूत्राची वाटी आणि तुळशीचं पान. "शिंपडून घ्या, मास्तर. तुमच्या वाकळीले त्याचा हात लागला."

त्या वाकळीत आईचं जुनं लुगडं होतं. काठ बाहेर दिसत होता. मी उठलो.

"मी नाई शिंपडत. तो माया बाप आहे. मी बी महारच आहो. बऱ्हानपूर खोटं होतं."

मालगुजाराने माझ्याकडे नाही, आधी कपाकडे पाहिलं. मी तो तिथेच ठेवला, वाकळ काखेत मारली आणि बापाला म्हणालो, "बाबा, चला."

वाटेत नाला लागला. बापाने तिथे तोंड धुतलं, मिशी चोळचोळून धुतली.

"काऊन बोलला?" तो म्हणाला. "पाच रेघा तं झाल्या होत्या. तुयी नोकरी वाचली असती. फुकट गेल्या नं माया रेघा."

बोलायचं होतं तर पहिल्या रेघेला बोलायचं होतं, असं तो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो कधीच म्हणाला नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रंक आणायला गेलो. दोरीवर नवं कापड वाळत होतं. लालभडक, कुठे डाग नाही. मूठभर मीठ घातलं असणार.

माझ्याविरुद्ध अर्ज गेला, बदली झाली. दुसऱ्या वर्षी आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. वस्तीतल्या कितीकांनी आडनावं बदलली. एक ओळखीचा म्हणाला, "तुमचं बरं आहे, रंगारी कोणत्याही जातीत खपतं." त्या दिवसापासून मी ते खपू देत नाही. बापाने पाच रेघांत माझ्या खोट्याची किंमत भरली, आणि ती भरून घेणारा मीच होतो.

आता कोणी चहा पुढे केला की मी हात मागे ठेवतो. विचारलं नाही तरी सांगतो. महार रंगारी. पवनीचे, मग हिंगणघाटचे, मग आर्वीचे. आता बौद्ध. माझा बाप अशाच एका अंगणात नाक घासत होता आणि मी असाच एक कप धरून बसलो होतो.

हे ऐकून चहा द्यायचा असेल तर द्या. नाहीतर घेऊन जा तुमचा कप.