तिरडीला तिघेच

"पोरीनं जातीबाहेर लगन केलं तवा इचारलं का आमाले? आता उचल म्हणा एकटीच!" हातपंपावरच्या बायका खिदळल्या.

आज शहरातल्या गोल बाजारात मोहफुलांचा वास आला आणि ते गाव आठवलं. मी तिथे नवी शिक्षिका होते. त्या वर्षी अवकाळी पावसानं विकायचा मोह कुजला होता, चुली जेमतेम पेटत होत्या. पण मुलीच्या लग्नावरून माझ्या घरमालकिणीला वाळीत टाकायला सगळं गाव एक झालं होतं.

अंगणात तिच्या नवऱ्याची तिरडी बांधून ठेवली होती. खांद्याला तिचे दोन भाऊ आणि तो परजातीचा जावई. पारावरचे पुरुष तंबाखू मळत बघत राहिले. तेव्हा ते मला दगड वाटले. आता वाटतं, ते एकमेकांना भीत होते.

"दीदी, तुम्ही आत जा. बाईचं काम नाही हे," पारावरून एक जण म्हणाला.

मी चपला काढल्या.

"चौथा खांदा मी देते."