बेल वाजली की आधी आवाज बंद

मंडळी, आज दुपारची गोष्ट आहे. माझं पार्सल समोरच्या कुर्दी शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. ते आणायला गेले. आत टीव्ही चालू होता. मी बेल वाजवली आणि आवाज एकदम बंद झाला.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग त्यांच्या मुलीने, रोजीनने, साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"अगं, तू होय!"

आत तिची आई बूट घालून सोफ्यामागे उभी होती. टीव्हीवर जपानी अ‍ॅनिमेशन मालिका थांबवलेली होती. हौशी मुलांनी ती कुर्दी भाषेत डब केली आहे. पडद्यावर सैनिक एका घराचं दार ठोठावत होते.

"गावी आमच्या भाषेवर बंदी होती. घरात कुर्दी गाणं लागलेलं असायचं आणि सैनिक दार ठोठवायचे," रोजीन म्हणाली. "आईला हे नुसतं कार्टून वाटतच नाही."

आई काहीतरी पुटपुटली. रोजीन हसली. "पुढच्या वेळी बेल वाजवू नकोस, हाक मार म्हणते."

संध्याकाळी मी मराठी बातम्या बघत असताना माझी बेल वाजली. दाराकडे जायच्या आधी मी आवाज बंद केला होता.

इथे परदेशात राहणाऱ्यांनो, तुम्हीही असं करता का?