पखवाजाची कणीक

कंपनी सोडून बरीच वर्षं झाली, पण आमच्यातले दोघे आकुर्डीच्या स्टॉपवर भेटले की बस सुटलीच म्हणून समजा! एक किस्सा काढला की त्याच्या मागून दुसरा येतो.

आमचं कलामंडळ रविवारी कॅन्टीनमध्ये भरायचं. मी सेक्रेटरी, म्हणजे सतरंज्या उचलणारा. पण माणसं जमवली ती मीच, हे ठासून सांगतो. कोकणातला सावंत दशावतारातला राजा. केरळातला नायर त्यांच्या देवळातला ढोल वाजवायचा, चेंडा म्हणतात त्याला. परभणीच्या बौद्ध वस्तीतला कांबळे, जलशात तयार झालेला खणखणीत गळा. आणि पिंपरी गावातले तात्या, भजनातले पखवाजी.

*

एकदा नाटकाच्या दिवशीच सावंतला सेकंड शिफ्ट लागली. पहिला अंक करून तो रंग पुसत कंपनीत पळाला आणि दुसऱ्या अंकात राजा म्हणून नायर उभा राहिला. नायर मराठी शिकलेला फोरमनकडून, त्यामुळे राजा प्रधानाशी मेमो दिल्यासारखाच बोलला.

आम्ही घाबरलो होतो, पण पुढे बसलेल्या आजीबाई शेजारणीला शांतपणे म्हणाल्या, “लढाईवरनं आलाय, माणूस बदलतोच की!”

*

चेंडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा तात्यांनी कानांवर हात ठेवले. “ह्यो वाजवतोय का डोंगर फोडतोय?”

पुढच्या रविवारी मात्र पखवाज घेऊन नायरसमोरच बसले. दोघांची अशी जुंपली की कॅन्टीनवाल्यानं चहा बंद केला तरी कुणी उठेना.

*

एक गोष्ट मात्र मला खुपायची. तात्या पाण्याचा तांब्या घरून आणायचे. आणि कांबळे गायला उभा राहिला की पखवाजावर गवसणी चढवून तंबाखू मळायला बाहेर जायचे. का, ते सगळ्यांना कळत होतं. मी चिडून विचारलंसुद्धा. “आमच्यात न्हाई तसं,” म्हणाले आणि विषय संपवला.

कांबळे हसण्यावारी न्यायचा. एकदाच मला म्हणाला, “राव, तात्यांच्या घरचं जेवण नको मला. गाण्याला साथ पायजे.”

त्याला साथ नायर करायचा.

*

मग कंपन्यांची स्पर्धा आली. आमचं आधी भजन, त्यानंतर कांबळेचं गाणं. आणि नेमकी त्याच दिवशी मशीन बिघडली, नायरला ओव्हरटाइमला थांबवलं. कांबळेला तालाशिवाय उभं राहायची पाळी आली. त्याचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात तात्यांनी कपाळावर हात मारला. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापावी लागते, नाहीतर तो घुमत नाही. कणकेचा डबा बसमध्येच राहिला होता.

कांबळेचं घर स्पर्धेच्या हॉलच्या मागेच. कांबळेवहिनी गाणं ऐकायला आल्या होत्या. त्या उठल्या, घरी गेल्या आणि ताटलीत ओल्या फडक्याखाली कणकेचा गोळा घेऊन आल्या. तात्या त्या ताटलीकडे बघत राहिले. आमचा नंबर पुकारला. तात्यांनी गोळा उचलला आणि थापला.

भजन रंगलं. मग कांबळे एकटाच पुढे आला. तात्यांचा हात सवयीनं गवसणीकडे गेला. समोर वहिनी बसल्या होत्या, बोटांना अजून पीठ होतं. तात्यांनी गवसणी बाजूला सारली.

“कांबळे, पट्टी कंची?”

कांबळेनं पट्टी सांगितली. मग असा गायला की मी विंगेत उभा राहून रडलो, लाज कसली त्यात!

बक्षीस दुसऱ्याच कंपनीला गेलं.

*

पुढच्या रविवारी मी कांबळेला बोलवायला त्याच्या घरी गेलो, तर दारात तात्यांची सायकल. त्यांच्या हातात तांब्या नव्हता, रिकामा डबा होता.

“वैनी, कणीक द्या जरा,” ते सांगत होते. “आमच्या घरच्या कणकंनं घुमत न्हाई.”