न्हाणीघरातला पंखा

परळहून आमच्याकडे फणसवाडीत एक वायरमन यायचे. ते झोपेतून नुकतं उठल्यासारखं सावकाश बोलत. दिवा असो की पंखा, हात लावण्याआधी डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत बसत आणि "बोलतोय, बोलतोय," असं स्वतःशीच पुटपुटत.

आमच्या न्हाणीघराला खिडकी नव्हती. बंबाचा धूर बाहेर टाकायला भिंतीत एक पंखा होता. तो एका सकाळी बंद पडला आणि आंघोळीला गेलेली आई आत बेशुद्ध पडली. ती वाचली, पण नंतर न्हाणीघरात पाऊल टाकेना.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद होत्या. तरी आमचा निरोप मिळताच वायरमन नवा पंखा खांद्यावर घेऊन चालत आले. जुना काढून त्यांनी तो बसवला आणि म्हणाले, "वहिनी, बंब पेटवा."

बंब पेटल्यावर ते स्वतःच आत गेले आणि दार लावून घेतलं.

"अहो, बाहेर या!" आई ओरडली.

"आधी मी बसून बघतो," आतून संथ आवाज आला.

मग नुसता पंखा गुणगुणत राहिला. खाली रस्त्यावरच्या घोषणा जवळ आल्या, लांब गेल्या, स्वप्नात ऐकल्यासारख्या. मला आतल्या वायरमनना नावाने हाक मारावीशी वाटली, पण नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

अर्ध्या तासाने ते घामाने निथळत बाहेर आले. "जा वहिनी. हवा छान आहे."

आईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, खांद्यावर लुगडं टाकलं आणि आत जाऊन कडी लावली.