तोफखान्याची किल्ली आणि आमचे अण्णा

आमचे पणजोबा, म्हणजे अण्णा, दिवाण नव्हते.

ज्यांना आमच्या घरच्यांनी आजवर तसं सांगितलं असेल, त्यांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.

ते नळ सोडायचे.

इंदूरच्या कुठल्याही जुन्या मराठी घरात जा, कुणी ना कुणी दरबारात असतंच. आमच्याकडे तर पुरावाही होता. एक लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. बाबा म्हणायचे, ही तोफखान्याची किल्ली.

दर खंडेनवमीला तिला पहिलं हळदकुंकू. माझा लॅपटॉप आणि बाबांची स्कूटर नंतर.

गेल्या खंडेनवमीला ताईआत्या पूजेला आली. ही बाबांची मोठी बहीण. सगळा संसार ग्वाल्हेरला झाला, आता मुलाबरोबर इंदूरला राहते.

तिने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही तर नळाच्या वॉलची चाबी. अण्णांची."

"ताई, काहीपण नको बोलूस," बाबा म्हणाले. शेजारचे लोक प्रसादाला आले होते.

"मी झूठ कशाला बोलू रे? हिनेच तर पूर्ण मोहल्ल्याला पानी सोडायचे ते."

शेजारी हसले. बाबा उठून आत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला गेले नाहीत. राखी कुरियरने आली, ती पाकिटातच राहिली. पंचाहत्तरी झालेला माणूस, पण रुसवा पाचवीतल्या पोराचा.

शेवटी मीच आत्याकडे गेलो. म्हटलं, नीट सांग.

अण्णा हातोदहून इंदूरला आले ते हातात फावडं घेऊन. संस्थानाच्या पाणी खात्यात पाइपासाठी चर खणायचं काम होतं. चांगले टिकले, म्हणून वॉलवर घेतलं. मग संस्थान गेलं, नगरपालिका आली, वरचे साहेब बदलले. अण्णांच्या गल्ल्या त्याच राहिल्या.

पहाटे बाहेर पडायचे. या गल्लीचा वॉल उघड, त्या गल्लीचा बंद कर. उन्हाळ्यात बायका बादल्या घेऊन भांडायच्या, "अण्णाजी, जरा और चलने दो ना." हे म्हणायचे, "बाई, आगे वाले भी प्यासे हैं."

आमचं घर लाइनीच्या अगदी शेवटी. तिथे करंगळीएवढी धार. पणजी रोज कावायची, की गावाला पाणी आणि घरात ठणठणाट.

"मग दिवाण कुठून आले?" मी विचारलं.

"माझ्या लग्नातून. स्थळ मोठं होतं. दादा बोलून गेले, आमचे वडील दरबारात होते. सामनेवाल्यांनी सीधं दिवाणच समजून घेतलं." दादा म्हणजे माझे आजोबा, अण्णांचा मुलगा.

"आणि अण्णा?"

"चुप बसले. उधारीची पगडी घालून पूर्ण लग्न बसले. कुणी विचारलं तर नुसतं हसायचे. ज्या कामावर आम्ही सगळे जगलो, ते माझ्यासाठी लपवलं रे त्यांनी. पुढच्या उन्हाळ्यात गेलेच. तुझा बाप तेव्हा छोटा, त्याला काय पता. मला पता होतं. आता मरायच्या आधी बोलले, तर काय बुरा केलं?"

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते पेपर वाचत राहिले. पान मात्र उलटलं नाही.

ही गोष्ट राखीनंतरच्या आठवड्यातली. त्यानंतर या विषयावर घरात अवाक्षर नाही.

आज सर्वपित्री अमावस्या. तर्पण सुरू होतं. यंदा गुरुजींचा मुलगा आला होता. बोलता बोलता म्हणाला, "काका, तुमचे आजोबा दिवाण होते ना? वडील सांगतात."

मी स्वयंपाकघराच्या दारात.

बाबांनी पळी खाली ठेवली.

"नाही हो. पाणी खात्यात होते. पूर्ण मोहल्ल्याचे नळ सोडायचे."

मग अण्णांचं नाव घेऊन त्यांनी पाणी सोडलं.

उठल्यावर ओल्या हातानेच मला म्हणाले, ताईला फोन लाव.

"ताई, अण्णांचं पान वाढतोय. तू ये."

पलीकडून आत्याचा आवाज, "खीर केली का रे?"

"केली."

"मग येते. ऑटो भेजून दे."

मी हे लिहितोय आणि बाहेरच्या खोलीत दोघं भांडतायत, अण्णांना खीर जास्त आवडायची की वडे.

अण्णा, दिवाण म्हणून तुम्हाला खूप नमस्कार केले. हा तुमचा स्वतःचा. सुखात राहा.