सुमनची सावड

सुमन गेल्याचं तिचा भाचा महेश याने फोनवर कळवलं. "आत्या पहाटे गेली," तो म्हणाला आणि पुढे, "भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालाय, पेरणी राहिलीय." शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात रोज तेच विचारत होती, म्हणून त्याने ते मलाही सांगितलं असावं...

आम्ही शहापूरला एका वर्गात होतो. मी वर्तमानपत्रात आलो, ती एका विकास संस्थेतून लाओसच्या उत्तरेकडच्या डोंगरात गेली. तिथलं गाव भातशेतीचं. पावसाआधी घरटी एक माणूस येऊन शेताचा पाट साफ करी, मग सगळे एकत्र जेवत. संस्थेचा नियम होता की कामाला मजुरीचा रोज द्यायचा. सुमनने तो स्वतःच्या हाताने वाटला. संस्थेचं काम संपलं, पुढच्या पावसाळ्याआधी पाटावर कोणी आलं नाही. गावच्या म्हाताऱ्या मुखियाने तिला सांगितलं, "तुम्ही पैसे दिलेत ते भल्यासाठीच. पण आता शेजाऱ्याला नुसती हाक मारायची मला लाज वाटते." हे वाक्य ती मुरबाडकडच्या आपल्या गावी परतल्यावरही विसरली नाही.

गावात तोवर सावड मोडत आली होती. सावड म्हणजे लावणीला आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. मजुरीचा प्रश्नच नाही. पण तरुण माणसं वाशिंदच्या कारखान्यांत लागली आणि लावणीला बाहेरून मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या. सुमनने घरोघरी जाऊन काही बायका पुन्हा जमवल्या. शहरात शिकलेली, परदेशात राहिलेली बाई चिखलात उतरते याचं त्यांना हसू यायचं. "सुमे, तुझी रोपं निजली गो," असं म्हणत त्या पुढे निघून जायच्या.

गेल्या वर्षी सुमनच्या शेतातली लावणी उरकल्यावर महेशने सगळ्यांना पैशांची पाकिटं वाटली. बायका दिवसभर राबल्या, रिकाम्या हाताने कशा पाठवायच्या, एवढाच त्याचा हिशेब. शेजारच्या रखमाकाकीने पाकीट उंबऱ्यावर ठेवलं. "माझा म्हातारा मेला का तिरडी उचलायला पन पाकिटं आनशील काय रे?" महेश म्हणाला, "काकी, मी चांगल्यासाठीच दिलं." ते ऐकून सुमन आत गेली. दुसऱ्या दिवशी ती घरोघरी माफी मागत फिरली. काहींनी पाकिटं परत दिली, काहींनी ठेवून घेतली. रखमाकाकीच्या शेतात त्या वर्षी सावडीऐवजी टोळी लागली. थंडीत सुमनचं दुखणं निघालं. भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तिथे मी केलं, इथे आमच्या घराने केलं. यंदा त्या आल्या नाहीत तर सावड संपली..."

सुमन गेल्यावर आषाढात महेशने टोळी सांगितली नाही. दिवस ठरवून घरोघरी सांगून आला. त्या सकाळी मी बांधावर होतो. उन्हं वर आली तरी कोणी नव्हतं. मग रखमाकाकी आली, तिच्यामागे आणखी दोघी. बाकीच्या आल्या नाहीत. दिवस मावळेपर्यंत खालची दोन खाचरं झाली. वरच्या खाचरांत शेवटी मजूर लावावे लागले. सुमनला हवं होतं ते यापेक्षा बरंच जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी महेश नोकरीवर गेला नाही. सुमनच्या घरातून आता सावड फेडायला जाणारा तोच होता. रखमाकाकीच्या शेतात तो बायकांच्या रांगेत आपल्या वाट्याची पात धरून उभा राहिला आणि थोड्याच वेळात एकटा मागे पडला. घाईने त्याची रोपं आडवी होऊ लागली. काकीने मागे वळून पाहिलं.

"दमानं लाव रे. तुझी आत्या पन मागंच राह्यची. तिची पात आमीच पुरी करायचो."

आणि ती मागे येऊन त्याच्या शेजारी वाकली.