मावसाजींचा आपटा

चांदा जिल्ह्यात माझ्या मावसाजींइतका पानांच्या जातीबद्दल कडवा माणूस झाला नाही. माणसांच्या जातीची मात्र त्यांनी कधी चौकशी केली नाही. जंगलखात्यात नाकेदारी करून ते गडचिरोलीला स्थायिक झाले, तेव्हा सोबत खाकी टोपी आणि एका साहेबाच्या तोंडून ऐकलेला 'बौहिनिया' हा शब्द एवढीच कमाई होती. आपटा, कांचन आणि पत्रावळीच्या पानांचा माहूल वेल ही सगळी मंडळी याच बौहिनिया घराण्यातली, हे ते पाहुण्याला पाण्याच्या आधी सांगत. लग्नाच्या पंगतीत ते पत्रावळ उलटी करून पाहत आणि वाढपी वरणाची बादली धरून ताटकळे. "माहूलच आहे, वाढा," असं त्यांनी म्हटल्यावरच पंगतीला अन्न दिसे.

दसऱ्याला तर त्यांच्या ओट्यावर जंगलखात्याचा नाकाच बसे. सोनं म्हणून आलेल्या प्रत्येक पानाच्या पाठीवरून ते अंगठा फिरवत. पान लांबीपेक्षा रुंद आणि खरखरीत असेल तर आपटा, नाहीतर परत. एका वर्षी त्यांनी शेजारच्या दौलतभाऊंचं पान चार लोकांसमोर परत केलं. दौलतभाऊ धानाची शेती करणारे, मावसाजींचे रोजचे सुपारीचे सोबती.

"काऊन परत देऊन राह्यले, नाकेदार?"

"हा कांचन आहे, भाऊ."

"एकाच घराण्यातले म्हणता ना तुमी?"

"म्हणून भाऊबंद होतो. सोनं नाई होत."

लोक हसले. दौलतभाऊ हसले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून आलेही नाहीत. मावसाजी मात्र संध्याकाळी दोघांपुरती सुपारी कातरत राहिले. "जाऊन या ना त्यांच्याकडे," मावशी म्हणे. "पान त्याचं चुकलं," एवढंच ते म्हणत, आणि उरलेली सुपारी डब्यात भरत. पुढचा दसरा तसाच गेला. त्या दिवशी मावसाजींनी एकाही पानाची पाठ पाहिली नाही.

त्यानंतरच्या दसऱ्याला दौलतभाऊ ओट्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एक पान पुढे केलं. पान लांबट, गुळगुळीत होतं. एव्हाना मलाही एवढं कळत होतं. मावसाजींनी सवयीने अंगठा फिरवला. मावशी दारात थबकली.

"आपटा आहे," मावसाजी म्हणाले.

"कांचन आहे. मुद्दाम आणला."

"मले दिसून राह्यलं. बसा, सुपारी कातरतो."

आता ते दोघेही नाहीत. दसऱ्याला कोणी पान हातात ठेवलं की माझा अंगठा आपोआप त्याच्या पाठीवर फिरतो. मग पान कोणतंही निघो, मी त्या माणसाला ओट्यावर बसवून घेतो.